हवेला कसली शीव?

२०२० सालच्या एप्रिलमधील पहिल्या आठवड्यात पंजाबातील जालंधरच्या रहिवाशांना आपल्या घरांच्या गच्चीवरून धौलाधारच्या हिमाच्छादित रांगा दिसू लागल्या. हे अंतर सुमारे दोनशे किलोमीटरचे. कित्येक दशके धुरक्याच्या पडद्याआड दडलेले ते दृश्य एकाएकी उघडे झाले. पाठोपाठ सहारनपूरहून हिमशिखरांची छायाचित्रे आली. दिल्लीचे आकाश निळे असू शकते, हे तेथील अनेक मुलांना प्रथमच उमगले असावे. २२ मार्चची जनता संचारबंदी आणि २५ मार्चपासून लागू झालेली देशव्यापी टाळेबंदी यांचा हा परिणाम होता. महामारीच्या भयाने ग्रासलेल्या त्या दिवसांत ही छायाचित्रे घरोघरी भ्रमणध्वनींवर फिरली. माणूस घरात बसला आणि निसर्गाने मोकळा श्वास घेतला, अशा आशयाचा मजकूर त्यांच्याखाली लिहिला गेला.

ती भावना समजण्यासारखी होती. परंतु तिच्यातून जो निष्कर्ष काढला गेला, तो अर्धाच खरा होता. मोठे शहर म्हणजे दूषित हवा, लहान गाव म्हणजे शुद्ध हवा, आणि शहराची धावपळ थांबली की प्रश्न मिटला, असा तो निष्कर्ष. सर्वसामान्य माणसाने असे मानले तर त्यात फारसे बिघडत नाही. मात्र देशाचे हवाविषयक धोरणच जेव्हा या गृहीतकावर उभे राहते, निधी कोणाला द्यायचा आणि कायद्याचे संरक्षण कोणाला द्यायचे हे वस्तीच्या आकड्यावर ठरू लागते, तेव्हा त्या गृहीतकाची तपासणी करणे अगत्याचे ठरते. गंमत अशी की, ज्या टाळेबंदीमुळे हा समज दृढ झाला, त्याच टाळेबंदीतील नोंदी नीट वाचल्या तर तो समज मोडून पडतो.

टाळेबंदीत सारे काही थांबले, असे म्हणण्याची पद्धत आहे. वास्तविक सारे थांबले नव्हते. मोटारी, दुचाकी, विमाने, बहुतेक कारखाने आणि बांधकामे थांबली. वीजकेंद्रे चालूच होती. मागणी घटल्यामुळे काही संच बंद ठेवावे लागले, पण घरोघरी पंखे आणि रुग्णालयांत यंत्रे चालायची तर कोळसा जळणे भाग होते. चुली तर थांबण्याचा प्रश्नच नव्हता. उलट शहरांतून लाखो श्रमिक गावी परतल्यामुळे अनेक घरांत रांधण्याचे काम वाढले. म्हणजे काय थांबले आणि काय चालू राहिले, याची एक स्वच्छ विभागणी आपोआप झाली होती. कोणत्याही शास्त्रज्ञाला असा प्रयोग करण्याची अनुमती जगातील कोणत्याही शासनाने दिली नसती.

त्या प्रयोगाचे निष्कर्ष लवकरच हाती आले. भारतीय आणि चिनी संशोधकांच्या एका गटाने देशातील २२ शहरांच्या नोंदी आधीच्या वर्षांशी ताडून पाहिल्या. पीएम २.५ म्हणजे फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे सूक्ष्म कण ४३ टक्क्यांनी घटले होते, त्यांहून मोठे पीएम १० कण ३१ टक्क्यांनी आणि नायट्रोजन डायऑक्साइड १८ टक्क्यांनी. दिल्लीत तर सूक्ष्म कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड दोन्ही जवळजवळ निम्म्यावर आले. (त्या मार्च महिन्यात उत्तर भारतात अवकाळी पाऊसही बराच झाला होता. त्यामुळे सगळे श्रेय टाळेबंदीच्या पदरात टाकता येणार नाही.) वृत्तपत्रांनी हे आकडे ठळकपणे छापले. त्याच अभ्यासातील आणखी दोन नोंदींकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. एक म्हणजे सल्फर डायऑक्साइडच्या प्रमाणात नगण्य फरक पडला होता. दुसरी म्हणजे ओझोन घटण्याऐवजी १७ टक्क्यांनी वाढला होता.

ओझोनचे कोडे रसायनशास्त्राने सुटते. हा वायू कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बाष्पशील सेंद्रिय वायू यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तो तयार होतो, आणि वाहनांच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊनही टाकतो. वाहने थांबली, खाणारा नाहीसा झाला, उन्हाळा चढू लागला, तसा ओझोन वाढला. एक घटक काढून घेतला की हवा सर्व बाजूंनी सुधारते, असे नसते. सल्फर डायऑक्साइडचे उत्तर त्याहून सोपे. हा वायू मुख्यतः कोळसा जाळल्याने निर्माण होतो, आणि कोळसा जळतच होता.

उपग्रहांच्या नोंदींनी या चित्रात आणखी एक रेघ ओढली. नायट्रोजन डायऑक्साइडची घट मोठ्या शहरांवर ठळक दिसली आणि ग्रामीण प्रदेशावर पुसट. ज्या गावात मोटारी थोड्या, तेथे मोटारी थांबल्याने किती फरक पडणार? टाळेबंदीने शुद्ध केली ती महानगरांची हवा. खेड्याच्या हवेत जे होते, त्यातील बरेचसे तसेच राहिले. म्हणजे खेड्याच्या हवेत काहीतरी होते, हे प्रथम मान्य करावे लागते.

याच्या नेमका उलट प्रयोग सतरा वर्षांपूर्वी अमेरिकेत घडला होता. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा काही प्रदेश यांतील वीजपुरवठा कोलमडला. सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले आणि शंभरांहून अधिक वीजकेंद्रे बंद पडली. रस्त्यांवरील वाहतूक मात्र बव्हंशी चालू होती. मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे चोवीस तासांनी एका छोट्या विमानातून पेनसिल्व्हेनियावरील हवा तपासली. सल्फर डायऑक्साइड ९० टक्क्यांहून अधिक घटला होता, ओझोन जवळपास निम्मा झाला होता आणि प्रकाश विखुरणाऱ्या सूक्ष्म कणांचा प्रभाव सुमारे ७० टक्क्यांनी उतरला होता. डोळ्यांना दिसणारे अंतर चाळीस किलोमीटरहून अधिक वाढले. एका दिवसात! आणि हे सारे न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींवर नव्हे, तर पेनसिल्व्हेनियाच्या मध्यभागी, जेथे शेती, डोंगर आणि लहान गावे आहेत त्या प्रदेशावर.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की बोध स्पष्ट होतो. वाहने थांबली तेव्हा महानगरांना सुटका मिळाली, आणि वीजकेंद्रांची धुराडी थांबली तेव्हा शेकडो मैलांचा ग्रामीण प्रदेश स्वच्छ झाला. हवा कशामुळे बिघडते, हे तेथे काय जळते यावर अवलंबून असते. तेथे किती माणसे राहतात, हा त्यानंतरचा प्रश्न.

याचा अर्थ वस्तीच्या आकाराला काहीच महत्त्व नाही, असा नव्हे. शहर वाढते तशी वाहने वाढतात, कामाच्या ठिकाणचे अंतर वाढते, बांधकामाची धूळ वाढते, आणि उंच इमारतींच्या ओळींमध्ये रस्त्यावरचा धूर कोंडून राहतो. पण शहराचे नशीब त्याच्या भूगोलानेही ठरते. दिल्ली समुद्रापासून दूर, सपाट मैदानात वसलेली आहे. हिवाळ्यात तेथे थंड हवा जमिनीलगत बसते आणि वर उबदार हवेचे झाकण पडते, मग धूर वर जाण्यास वाट उरत नाही. मुंबईत मोटारी काही कमी नाहीत, परंतु दररोज समुद्रावरून येणारे वारे तिची हवा धुऊन काढतात. ही कृपा किती नाजूक आहे, ते २०२२-२३ च्या हिवाळ्यात कळले. समुद्री वारे मंदावले आणि मुंबईकरांना काही दिवस दिल्लीसारखे आकाश पाहावे लागले. हवामान अभ्यासकांनी त्याचा संबंध सलग तीन वर्षे टिकलेल्या ला निनाशी जोडला. मुंबई तीच, लोकसंख्या तीच. वारा मात्र बदलला होता.

आता खेड्याकडे वळू. खेड्यातील हवेची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. चर्चा होते ती दिवाळीच्या आठवड्यात उसळणारी आणि भाऊबीजेनंतर ओसरणारी, आणि तीही महानगरांची. खेड्याविषयी काही बोलले गेलेच, तर ते 'गावाकडची मोकळी हवा' या शब्दांत. सुट्टीत आजोळी गेलेल्या मुलांच्या निबंधातील ही मोकळी हवा शिवारात खरोखरच असते. स्वयंपाकघरात ती असतेच असे नाही.

कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८१ साली गुजरातमधील चार खेड्यांत, भारतीय सहकाऱ्यांसह, चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या श्वासात प्रत्यक्ष किती धूर जातो याचे मापन केले. तोपर्यंत जगभर हवेचे प्रदूषण म्हणजे कारखान्यांच्या चिमण्या आणि मोटारींचे धुराडे एवढेच मानले जात असे. रानात, मोकळ्यावर, लहानशा वस्तीत राहणारी स्त्री कोणत्याही औद्योगिक शहरातील रहिवाशाहून अधिक धूर ओढत असेल, ही कल्पनाच कोणी केली नव्हती. स्मिथ यांच्या उपकरणांनी ते दाखवून दिले. २०२० च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्यांनी या एका प्रश्नासाठी जवळपास चार दशके वेचली होती.

विदर्भ-मराठवाड्यातील कोणत्याही गृहिणीला हे शास्त्र नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या पेटवताना फुंकणीने फुंकून फुंकून डोळे चुरचुरतात, सारवलेल्या भिंती काळ्या पडतात, पदराने नाक झाकले तरी खोकला आवरत नाही. कडेवरचे तान्हे मूल तेथेच असते. दारिद्र्याच्या सवयीमुळे हा धूर कोणाला प्रदूषण वाटत नाही, तो संसाराचाच एक भाग वाटतो.

आणि हा धूर चुलीपाशी थांबत नाही. तो कौलांच्या फटींतून बाहेर पडतो, शेजारच्या घराच्या धुरात मिसळतो आणि संध्याकाळी गावावर निळसर थर धरतो. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक चंद्रा व्यंकटरामन यांच्या सहभागाने झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याचे मोजमाप दिले. २०१५ मध्ये बाह्य हवेतील सूक्ष्म कणांमुळे भारतात झालेल्या मृत्यूंपैकी जवळजवळ चतुर्थांश, म्हणजे सुमारे २ लाख ६७ हजार मृत्यू घरगुती जळणाच्या धुराशी निगडित होते. इतके मृत्यू अन्य कोणत्याही एका स्रोताच्या वाट्याला आले नव्हते. कोळसा त्यानंतर येत होता. हे बाहेरच्या हवेचे गणित झाले. स्वयंपाकघरात थेट ओढल्या जाणाऱ्या धुराचा हिशेब वेगळा. पुढे २०२० मध्ये व्यंकटरामन आणि त्यांच्या सहसंशोधकांनी आणखी एक निबंध प्रसिद्ध केला. भारतातील बाह्य हवेचे प्रदूषण हा केवळ शहरी प्रश्न नव्हे, हे त्याच्या शीर्षकातच म्हटलेले होते. उपग्रहांच्या आधारे पाहता ग्रामीण भारतातील सूक्ष्म कणांचे प्रमाण शहरी भारताच्या बरोबरीचेच निघाले.

मग हे इतकी वर्षे दिसले कसे नाही? कारण फार साधे आहे. हवा मोजणारी यंत्रे शहरांत बसवलेली आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना १९७४ ची, हवेविषयीचा कायदा १९८१ चा, दूरचित्रवाणीवर आणि वृत्तपत्रांत रोज झळकणारा हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ चा. या साऱ्या काळात मापनाचे जाळे वाढत गेले ते प्रामुख्याने महानगरे आणि मोठ्या शहरांच्या हद्दीत. जेथे यंत्र नाही तेथे आकडा नाही, आणि जेथे आकडा नाही तेथे शासकीय कागदावर प्रदूषणही नाही.

उज्ज्वला योजनेचे मोल या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे तिचा प्रारंभ झाला आणि आठ कोटींची पहिली मजल ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, गाठली गेली. टाळेबंदीत उज्ज्वलाच्या कुटुंबांना तीन सिलिंडर विनामूल्य देण्याचा निर्णय झाला. त्या वेळी त्याकडे केवळ आर्थिक साहाय्य म्हणून पाहिले गेले. प्रत्यक्षात शुद्ध हवेचा तो एक मोठा कार्यक्रम होता. १९९० ते २०१९ या काळात घरगुती धुरामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर ६४ टक्क्यांनी खाली आला, असे 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. त्याच काळात बाह्य हवेमुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर मात्र ११५ टक्क्यांनी वाढला. घरातला धूर ओसरू लागला आहे, बाहेरचा चढत आहे, आणि बाहेर तो शहरापुरता उरलेला नाही.

घरातल्या धुराचे कामही पूर्ण झालेले नाही, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. २०१९ ते २१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शहरांतील सुमारे ९० टक्के घरे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती, ग्रामीण भागात मात्र ४३ टक्के. सिलिंडर घरात आला म्हणजे चूल विझली असे होत नाही. चहा आणि भाजी गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर, ही वाटणी अनेक घरांत रूढ आहे. उज्ज्वलाच्या कुटुंबाचा सिलिंडरचा वापर २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीन इतकाच होता, २०२४-२५ मध्ये तो साडेचारच्या घरात पोहोचला. २०२२ पासून दर सिलिंडरमागे दोनशे आणि २०२३ पासून तीनशे रुपयांचे अनुदान मिळू लागले, त्याचा हा लाभ आहे. तरीही वर्षभराचा स्वयंपाक साडेचार सिलिंडरमध्ये भागवणारे कुटुंब विरळाच. उरलेले महिने चूलच पेटते.

लहान वस्तीच्या हवेचा दुसरा शत्रू म्हणजे एकुलते एक मोठे धुराडे. या बाबतीत अमेरिकेतील युटा खोऱ्याचे उदाहरण बोलके आहे. डोंगरांनी वेढलेल्या या खोऱ्यात पोलादाचा एक मोठा कारखाना होता. १९८६ च्या ऑगस्टमध्ये कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातील संघर्षामुळे तो तेरा महिने बंद राहिला, आणि नंतर पुन्हा सुरू झाला. आर्डेन पोप या प्राध्यापकांनी तेथील रुग्णालयांच्या नोंदी काढल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यात श्वासनलिकेचा दाह आणि दमा यांसाठी दाखल होणाऱ्या बालकांची संख्या बंद काळातील हिवाळ्याच्या जवळपास दुप्पट होती. त्या खोऱ्यातील बहुसंख्य लोक धार्मिक कारणाने तंबाखूला स्पर्शही करत नसत, त्यामुळे दोष विड्या-सिगारेटींवर ढकलण्याची सोय नव्हती. महानगराची गर्दी नाही, वाहनांची कोंडी नाही. एक कारखाना, आणि त्याच्या छायेतील मुले.

महाराष्ट्रात अशी गावे थोडी नाहीत. परळीची ओळख वैजनाथाच्या ज्योतिर्लिंगाने होते, भुसावळची रेल्वेने आणि परिसरातील केळीच्या बागांनी. पण या दोन्ही गावांच्या क्षितिजावर औष्णिक वीजकेंद्राची धुराडीही उभी आहेत. अकोला जिल्ह्यातील पारस, गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा यांचेही तेच. चंद्रपुरातील महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूर शहराची लोकसंख्या साधारण सव्वातीन लाख. या केंद्रांची वीज मुंबई-पुण्याच्या घरांना प्रकाश देते. राख आणि धूर मात्र येथेच राहतात.

आता धोरणाकडे पाहू. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात प्रथम १०२ आणि नंतर १३१ शहरे घेतली गेली. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर यांच्याबरोबर चंद्रपूर, जालना, लातूर, सांगली यांचाही समावेश झाला, हे स्वागतार्ह होते. परंतु कार्यक्रमाचे एकक 'शहर' हेच राहिले. पंधराव्या वित्त आयोगाने हवेच्या गुणवत्तेसाठी जे अनुदान ठेवले, ते दहा लाखांहून अधिक वस्तीच्या ४२ नागरी समूहांसाठी. आणि मिळालेला निधी गेला कोठे? दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०२४ मध्ये केलेल्या तपासणीत आढळले की, ६४ टक्के रक्कम रस्त्यांवरील धूळ आवरण्यावर खर्च झाली, जळणाच्या धुरावर साधारण साडेचौदा टक्के, आणि उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्काही नाही. रस्ते झाडणारी यंत्रे आणि पाणी फवारणाऱ्या गाड्या छायाचित्रात शोभून दिसतात, महापालिकेला खर्चायलाही सोप्या असतात. चुलीवर अशा गाडीचा उपयोग नाही आणि वीजकेंद्राच्या धुराड्यावर तर नाहीच नाही.

त्याहून गंभीर गोष्ट वीजकेंद्रांच्या नियमांची आहे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र शासनाने औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरवली आणि दोन वर्षांत धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवण्यास सांगितले. मुदत वारंवार वाढत गेली. अखेर ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने केंद्रांचे तीन वर्ग पडले. राजधानी परिसर किंवा दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेली केंद्रे पहिल्या वर्गात. अतिप्रदूषित क्षेत्रे किंवा हवेचे मानक न गाठलेली शहरे यांच्याजवळची दुसऱ्या वर्गात, त्यांचा निर्णय प्रकरणपरत्वे. उरलेली सारी, म्हणजे देशातील सुमारे ७८ टक्के, तिसऱ्या वर्गात, आणि त्यांना धुराड्याच्या उंचीची अट पाळल्यास या यंत्रणेतून सूट.

या निर्णयामागे काहीच युक्तिवाद नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारतीय कोळशात गंधकाचे प्रमाण कमी आहे. बहुतेक ठिकाणच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेच्या आत आढळतो. यंत्रणा खर्चिक आहे आणि तिच्यामुळे वीज महागेल. नागपूरच्या नीरीसह काही मान्यवर संस्थांच्या अभ्यासांचा आधारही दिला गेला आहे. विकसनशील राष्ट्राने पाश्चात्त्यांचे नियम डोळे मिटून उचलावेत, असे कोणी म्हणणार नाही. मात्र मूळ प्रश्न धुराड्याच्या पायथ्याशी सल्फर डायऑक्साइड किती, एवढाच नाही. हा वायू वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातो आणि वाटेत सल्फेटच्या सूक्ष्म कणांत रूपांतरित होतो. ज्या पीएम २.५ साठी देश चिंतित आहे, त्याचाच तो एक भाग बनतो. उंच धुराडे धूर नाहीसा करत नाही, तो दूर नेऊन टाकते. पेनसिल्व्हेनियावरील त्या एका दिवसाने हेच दाखवले होते की, धुराडी थांबली तेव्हा वायूबरोबर कणही गेले. आणि यंत्रणा जर खरोखर अनावश्यक असेल, तर ती दिल्लीजवळही अनावश्यक ठरते. आवश्यक असेल, तर सव्वातीन लाखांच्या गावालाही हवी, तीन हजारांच्या गावालाही हवी. दहा लाख या आकड्याला फुफ्फुसाच्या दृष्टीने काय अर्थ आहे?

महाराष्ट्राला 'पाणलोट क्षेत्र' ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारने ती घरोघरी पोहोचवली. पाणी सातबाऱ्याची हद्द ओळखत नाही, म्हणून माथ्यावर काम केल्यावाचून पायथ्याच्या विहिरीला झरा फुटत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. हवेचेही असेच क्षेत्र असते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आणि दिल्लीची टेरी यांनी २०१८ मध्ये दिल्लीच्या हिवाळी हवेचा हिशेब मांडला, तेव्हा सूक्ष्म कणांपैकी जेमतेम ३६ टक्के दिल्लीचे स्वतःचे निघाले. उरलेले भोवतालच्या नगरांतून आणि त्यापलीकडून आलेले होते. म्हणजे हरियाणा आणि उत्तर प्रदेशातील खेड्यांची चूल विझवणे हे दिल्लीच्याही हिताचे. राजधानीपुरते हे तत्त्व शासनाने स्वीकारले, २०२१ च्या कायद्याने राजधानी परिसरासाठी हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग स्थापन झाला. चंद्रपूर-नागपूर पट्ट्याला असा आयोग का नसावा, याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

टाळेबंदी हा हवा शुद्ध करण्याचा मार्ग नव्हे, हेही निक्षून सांगितले पाहिजे. ज्या दिवसांत धौलाधार दिसत होता, त्याच दिवसांत डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेऊन श्रमिक शेकडो मैल चालत होते. ती किंमत देऊन मिळालेले निळे आकाश कोणालाही नको. शिवाय ते टिकलेही नाही. निर्बंध उठले तशी महानगरांची हवा पूर्वपदाला गेली. टाळेबंदीच्या नोंदींचा उपयोग इतकाच की, कोणत्या धुराला हात घातला तर कोणाचा श्वास मोकळा होतो, हे त्यांनी दाखवले.

त्या नोंदींनुसार करायची कामे फार अवघड नाहीत. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी आणि प्रत्येक औष्णिक केंद्राच्या वाऱ्याच्या दिशेतील खेड्यांत हवा मोजणारे केंद्र असावे, आणि त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज लिहिला जावा. उज्ज्वलाचे यश जोडण्यांच्या संख्येवर न मोजता वर्षाकाठी भरलेल्या सिलिंडरांवर मोजले जावे, आणि अनुदानही चूल पूर्ण सुटेल इतके असावे. वित्त आयोगाच्या निधीतील दहा लाखांची अट काढून टाकावी. जुलै २०२५ च्या अधिसूचनेतील तिसऱ्या वर्गाचा फेरविचार व्हावा, आणि तो करण्यापूर्वी त्या केंद्रांच्या परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत श्वसनविकारांनी येणाऱ्या मुलांच्या नोंदी पोप यांनी काढल्या तशा काढल्या जाव्यात. त्यासाठी कारखाना बंद पडण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. वीजकेंद्रांचे संच वार्षिक देखभालीसाठी काही आठवडे बंद असतात, त्या आठवड्यांच्या आणि इतर आठवड्यांच्या नोंदवह्या समोरासमोर ठेवल्या तरी प्रारंभ होईल. हे काम तालुक्याच्या ठिकाणचे डॉक्टर, महाविद्यालयीन शिक्षक आणि आरोग्यसेविका मिळून एका वर्षात करू शकतात.